गाव एका पानात

"हलकोच आसा गो, बघ," असं म्हणून ते कागदांचा गठ्ठा आधी उजव्या तळहातावर तोलायचे, मग डाव्या, आणि मगच पोस्टाच्या दारातून माझ्या हातात द्यायचे. मी तो काट्यावर ठेवला की पारडं धपकन खाली बसायचं. ते काट्याकडे बघायचेच नाहीत. छपराच्या वाशांकडे बघत म्हणायचे, "तुमचो काटो जुनो झालो." काटा माझ्याबरोबरच त्या पोस्टात आला होता, नवा कोरा. पण हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

मी तेव्हा त्या खाडीकाठच्या गावात पोस्टात कारकून होते. मूळची मी मालवणजवळच्या कट्ट्याची, बाजारातली. पोस्टात आम्ही तिघंच: मास्तर, मी आणि पोस्टमन. मास्तरांना ऐकायला कमी यायचं, आणि जे ऐकू यायचं ते त्यांना पटायचं नाही, म्हणून गावाशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. मला ते आवडायचं. बोलण्याचा पगार मिळतो अशा नोकऱ्या फार थोड्या.

त्यांचं नाव मी सांगत नाही. गावात सगळे त्यांना आबा म्हणत आणि मीही तेच म्हणे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला कागद लिहिता येतो म्हणून सगळा गाव त्याच्या ओटीवर येऊन बसतो. आबा मुंबईत एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर तिथेच राहायचा त्यांचा बेत होता. पण गावी थोरला भाऊ वारला आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे आला. मान आला म्हणजे माणसाला यावं लागतं. ते आले, मागोमाग सून आणि नात आली. मुलगा तिकडेच राहिला.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे किनारपट्टीबाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. गावाचं काही मागणं असलं की मानकरी देवासमोर उभा राहून ते मोठ्याने मागतो, आणि मागे उभा असलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतो. पण मागणं येतं शेवटी. आधी सगळ्या देवांची नावं, मग राखणदारांची, मग वाड्यांची, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. एक नाव राहिलं तर ती वाडी वर्षभर बोलत नाही. आबा गाऱ्हाणं सुंदर घालत. आवाज खडा, कुठे अडखळणं नाही, कोणी राहणं नाही.

आता हाच माणूस जन्मभर मुंबईत सरकारी मराठीत कागद लिहीत होता. त्यामुळे त्यांच्या तोंडात दोन भाषा होत्या आणि दोघींची जागा ठरलेली. खिडकीसमोर उभे असले की ते मला म्हणत, "सदर पाकीट आजच्या टपालाने रवाना होईल काय?" मी होईल म्हटलं की ते दोन पावलं चालून दाराशी येत, आत डोकं घालत आणि विचारत, "गो बाय, चाय झाली?" मी एकदा गमतीने खिडकीतूनच म्हटलं, "आबानू, चाय घेतास?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रस्तुत विषय दाराशी बोलू."

आणखी एक गोष्ट सांगून टाकते. खाडीकाठी जन्मलेल्या या माणसाला पाण्याचं भय होतं. होडीत पाय ठेवायचा म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. पलीकडच्या गावात लग्न असलं तर बाकीचे तरीच्या होडीने पाच मिनिटांत जात आणि आबा एस.टी.ने लांबचा वळसा घालून, मधे गाडी बदलून, जेवणावळी उठता उठता पोचत. तरीवाला त्यांना हसायचा. आबा म्हणायचे, "माका घाई नसता." घाई त्यांना कधीच नव्हती, हे मात्र खरं.

तर तो गठ्ठा. खाडीचा एक फाटा त्या गावाला वळसा घालून आत जातो. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल फाट्याच्या पलीकडे. मधे तर, म्हणजे एक होडी आणि एक तरीवाला. मुलगे जात. पाणी चढलं तर कोणाकडे तरी पलीकडे राहत, नाहीतर चड्डी डोक्याला बांधून पोहून येत. मुलींना मात्र पावसाच्या दिवसांत एकट्या तरीत कोणी पाठवीत नसे, आणि शाळा सुरू होते तीच पावसात. त्यामुळे त्या गावच्या मुलींची शाळा सातवीला संपत असे. हे इतक्या वर्षांचं होतं की कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मुलगी सातवी झाली की घरात आली, काजूगर सोलायला बसली.

आबांना वाटलं, कारण कुंदा सातवीत गेली. कुंदा त्यांची नात. बारीक, सावळी, दोन वेण्यांची, आणि पुस्तक हातात असलं की हाकेला ओ न देणारी. तिच्या आईने एकदा पोस्टाच्या पायरीवर बसून मला सांगितलं, "सातवी झाली की खूप झाला. मगे घरात बसांदे." त्यात दुष्टपणा नव्हता. बाई एकटी, नवरा मुंबईत, आणि पाण्यात पोरीला सोडायची कोणाच्या भरवशावर? आबा शेजारीच उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागदांचा दस्ता आणला.

मागणी एवढीच, की फाट्यावर साकव हवा. साकव म्हणजे चालत जाण्याइतका पूल, गाडीघोडा काही नाही. तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि कुठला कागद कुठे द्यायचा याचा गावात कोणाला पत्ता नव्हता. मी म्हटलं, आधी जिल्ह्याला विचारून बघा. आबा म्हणाले, "कागद मुंबैक गेल्याबिगर कागद होणा नाय." जन्म तिकडे गेलेला, त्यांचा विश्वास तिकडेच.

आणि त्यांनी अर्ज लिहायला घेतला, तो गाऱ्हाण्यासारखा. त्यांना दुसरं सुचणंच शक्य नव्हतं. गावाच्या वतीने मागायचं म्हणजे आधी ग्रामदेवता, तिचं स्थान, तिचे चमत्कार. मग वाड्या. एका वाडीचं लिहिलं हे कळलं की दुसरी वाडी ओटीवर हजर. "आमचा पण घाला." कोणाच्या वाडीत फाट्याच्या पाण्याने माड पडले होते ते घातलं. कोणाची वरात तरीत अडकली होती ती घातली. एका वाडीतल्या गृहस्थांची म्हैस पूर्वी कधीतरी पुरात वाहून गेली होती. तिचं वर्णनच पानभर झालं, शिंगांसकट. अर्ज वाढत गेला आणि आबा खुश होत गेले. जेवढा मोठा कागद तेवढं गावाचं मागणं भारी, असा त्यांचा हिशेब. मागणी स्वतः सगळ्यात शेवटच्या पानावर, रीतीप्रमाणे.

असा तो गठ्ठा, लिहिता लिहिता अनेकदा तोलून नेलेला, शेवटी सुतळीने बांधून माझ्या खिडकीत आला. पारडं खाली बसलं. मी त्यांना सांगितलं की रजिस्टर पाकिटाला वजनाची हद्द असते आणि हे हद्दीच्या फार बाहेर आहे. कापडात शिवून, लाख लावून पार्सल करा.

आबांनी खिडकी सोडली आणि दाराशी आले. बोलणं घरगुती व्हायचं होतं. "अर्ज म्हंजे काय आंब्याची करंडी आसा, शिवून देवक? सरकारच्या टेबलावर कापड फाडीत बसतले?"

"मग थोडा लहान करा, आबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाला तरी घराबाहेर काढा म्हणाले होते. आणि खरं तर मी तेच म्हणाले होते, फक्त मला ते तेव्हा कळलं नाही. थोडा वेळ ते बाकड्यावर बसले. मग उठले. "फोडूया. वाडयेवार फोडूया."

त्यांनी गठ्ठ्याची पाकिटं केली. वजनाच्या हिशेबाने पानं मोजून वाटली असती तर काम सोपं होतं. पण एका वाडीची पानं दुसऱ्या वाडीच्या पाकिटात जाणं शक्य नव्हतं. एक पाकीट देवीचं, मग प्रत्येक वाडीचं एकेक, आणि शेवटी मागणीचं, ज्यात एकच पान. मी डिंकाची बाटली पुढे केली आणि म्हटलं, "वर नंबर घाला. भाग पहिला, भाग दुसरा. म्हणजे तिकडे लावून घेतील."

"नंबर घातलो तर दुसरो कोण होतलो?" आबा म्हणाले. "ह्या गावात सगळे पयले. दुसरो कोण नाय."

मला हसू आलं, पण ते विनोद करत नव्हते. मी हट्ट धरला नाही. सगळी पाकिटं बिननंबरी, दुपारच्या एस.टी.ने टपालाच्या थैलीतून निघाली. आबा गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे होते. मग आत येऊन त्यांनी सगळ्या पावत्या एका जुन्या पाकिटात घातल्या आणि मला म्हणाले, "गाव गेलो मुंबैक."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मोठ्या कचेरीत पाकिटं एकाच दिवशी एकाच माणसाच्या हातात पडत नाहीत. ती वेगवेगळ्या टेबलांवर गेली आणि प्रत्येक टेबलाने आपापल्या समजुतीप्रमाणे उत्तर दिलं. पहिलं उत्तर देवीच्या पाकिटाला. देवस्थानाबद्दल माहिती दिल्याबद्दल आभार, परंतु जीर्णोद्धारासाठी या कार्यालयाकडे तरतूद नाही. जीर्णोद्धार कोणी मागितला होता? मग माडांच्या पाकिटाला: रोपांसाठी कृषी खात्याशी संपर्क साधावा. मग म्हशीच्या पाकिटाला: नुकसानभरपाईचा अर्ज विहित मुदतीत नसल्याने विचार करता येत नाही. म्हशीचे मालक ते उत्तर घेऊन गावभर फिरले. नकार होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. सरकारने म्हशीची दखल घेतली, शिक्क्यानिशी घेतली, एवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी ते पत्र चौकटीत बसवून घेतलं.

एकेक पत्र आलं की मी आबांना निरोप पाठवायची. ते खिडकीशी उभं राहून वाचायचे, चष्मा काढायचे, पुसायचे आणि परत वाचायचे. "मुंबैत माणसां बदलली," एवढंच दाराशी येऊन म्हणायचे.

शेवटचं उत्तर मागणीच्या पाकिटाला आलं. ज्या पानावर साकव मागितला होता त्या पानावर गावाचं नावच नव्हतं. ते देवीच्या पाकिटात होतं. कोणीतरी भल्या माणसाने पाकिटामागचा पाठवणाऱ्याचा पत्ता बघून उत्तर टाकलं होतं: मागणी कोणाची व कोणत्या गावची याचा बोध होत नाही. तरी ती सर्व तपशिलासह एका पानात सादर करावी.

आबा ते वाचून बाकड्यावर बसले ते पोस्ट बंद करायची वेळ झाली तरी उठले नाहीत. दाराशी आले नाहीत, चहा विचारला नाही. मी कुलूप हातात घेऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, "एका पानात गाव कसो मावतलो गो?"

मला त्यांची कणव आली. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्या गठ्ठ्याची टिंगल करत होते, पण त्यांना तोडायचे होते ते शब्द नव्हते. ती माणसं होती, रोज ज्यांच्या ओटीवरून जायचं ती. आणि दुसरीकडे कुंदाची वार्षिक परीक्षा जवळ येत होती.

त्यांनी प्रयत्न केला. रोज सकाळी नवा कागद घेऊन पोस्टातल्या बाकड्यावर बसत, कारण घरी बसलं की वाडीवाले येऊन काय गाळलं ते बघत. एक म्हैस गाळली की तिचे मालक पोस्टात हजर. "म्हस काढूची नाय." एक वाडी दोन ओळींत आणली की त्या वाडीचा मानकरी दारात. "आमची वाडी गाळलास तर आमी पालखीक खांदो देवचो नाय." आबा मान डोलवायचे, नाव परत घालायचे, आणि पान दुसऱ्या पानावर जायचं. मग ते पान घडी करून खिशात ठेवायचे. त्यांचा खिसा फुगत गेला आणि चेहरा सुकत गेला.

मग एके दिवशी सकाळी ते आले ते थेट दाराशी. म्हणाले, "सांजेक देवळात ये. बायकांका बसाक जागा आसा." आणि निघून गेले.

देवळात सगळ्या वाड्यांचे मानकरी जमले होते. आम्ही बायका कडेच्या खांबांशी. आबा मधोमध उभे राहिले, गाऱ्हाण्याला उभे राहतात तसेच, पण गाऱ्हाणं घातलं नाही. साध्या आवाजात म्हणाले की सकाळी त्यांनी देवीला कौल लावला. कौल म्हणजे देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि उजवी पडली की होकार समजायचा. त्यांनी विचारलं होतं की अर्जातून तुझं नाव काढू का.

मागे उभे असलेले दोन पावलं पुढे सरकले.

"उजवी पडली," आबा म्हणाले. "देवीन सांगल्यान, माझा नाव काढ. देवी खाली उतारली. आता तुमी वर कसे रवतलास?"

एक मानकरी काहीतरी पुटपुटला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. म्हशीचे मालक तेवढे उठले. "म्हस पण काढतास?"

"तुझ्या म्हशीक जबाब मेळलो," आबा म्हणाले. "तुका अजून काय होया?"

गाव हसला आणि तिथेच काम झालं. कौल खरोखर उजवा पडला होता की आबांनी आयुष्यात एकदाच देवीच्या नावावर काही सांगितलं, ते मला माहीत नाही. गुरव त्यांचा बालमित्र होता, एवढं माहीत आहे. मी विचारलं नाही. देवी माझी असती तर तिने हेच सांगितलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पण एक गोष्ट राहिली होती. एका पानाचा अर्ज झाला, पण खाली सह्या कोणाच्या? जागा जेमतेम दहा-बारा ओळींची. पहिली सही कोणाची, यावरून पुन्हा सगळे उठून उभे राहिले. देवीचं नाव गेलं म्हणून माणसांचा मान गेला नव्हता. आबांनी त्यांना बोलू दिलं. सगळे दमल्यावर म्हणाले, "सातवीतली चेडवां सह्या करतली. चेडवांका मान खंय आसा? तेंची नावां खंयव घाला, कोण भांडाक येवचो नाय."

मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बरोबरच होतं, पोरींचा कुठे मान असतो? त्यांनी माना डोलावल्या. आम्ही बायका खांबांशी हसलो, आणि हसता हसता मी थांबले. जो मान आमच्याकडे नव्हताच, त्याच्या नसण्याचाच शेवटी उपयोग झाला होता. आबांना ते कळलं असावं, कारण ते आमच्या बाजूला बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुली पोस्टात आल्या. आबांनी बाकड्यावर कागद पसरला. त्यावर सुवाच्य अक्षरात एवढंच होतं: गावाचं नाव, तालुका, जिल्हा, खाडीपलीकडे हायस्कूल आहे, अलीकडे सातवी झालेल्या मुली आहेत, पावसाळ्यात त्यांना तरीने पाठवण्यास पालक धजत नाहीत, म्हणून त्यांचे शिक्षण थांबते, तरी चालत जाण्याइतका साकव मिळावा. मी ते दोनदा वाचलं. इतके महिने जे चाललं होतं ते हेच होतं, आणि ते पहिल्यांदाच मला दिसलं.

मुलींनी एकेक करून सही केली. कोणी जीभ बाहेर काढून, कोणी आडनाव विसरून. कुंदा शेवटी उभी होती. तिने हात पुढे केला तेव्हा आबांनी पेनाचं टोपण लावलं.

"आबानू, माझा नाव खंय?"

"तुझा नको," आबा म्हणाले. "लोक म्हणतले, नातीसाठी केल्यान."

कुंदाने जरा विचार केला. "मगे माका साकव नको?"

मी शिक्के मारायचं काम थांबवलं. आबांनी टोपण काढलं आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने सगळ्यात खाली सही केली, जागा तेवढीच उरली होती. मग ते पान साध्या पाकिटात गेलं. काट्याची जरूरच पडली नाही, पण आबांनी मला मुद्दाम वजन करायला लावलं.

उत्तर आलं, आणि बरं आलं. मागणी रास्त असून पुढील आराखड्यात विचार करण्यात येईल. आबा हेडक्लार्क होते, पुढील आराखडा म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. शाळा महिन्याभरात सुरू होणार होती. कुंदा पहिली आली होती आणि आईबरोबर बसून काजूगर सोलत होती. मी एकदा त्यांच्या ओटीवर गेले तेव्हा तिने मान वर केली नाही. मला पोस्टाचा, मुंबईचा, सगळ्यांचाच राग आला.

हायस्कूल सुरू झालं त्या दिवशी पाऊस चांगला लागला होता. पोस्ट उघडायला जाताना मी तरीवर गर्दी पाहिली म्हणून तिकडे वळले. आबा होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात छत्री, दुसऱ्या हातात कुंदाचा हात. कोणी कोणाला धरलं होतं ते सांगणं कठीण होतं. तरीवाला हसत नव्हता. त्याने हात दिला, आबांनी होडीत पाय ठेवला, लगेच मधल्या फळीवर बसले आणि डोळे मिटून घेतले. तसेच मिटल्या डोळ्यांनी पलीकडे गेले.

"आबानू, डोळे उघडा, पोचलांव," तरीवाल्याने सांगितल्याचं त्यानेच मला नंतर ऐकवलं. त्यावर आबा म्हणाले होते, "मिटलेले बरे. पाणी दिसणा नाय."

संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत ते पलीकडेच थांबले, कारण मधे एक फेरी जास्त करण्याची त्यांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशीही गेले. हेडमास्तरांनी व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. त्याच आठवड्यात पोस्टाच्या पायरीवर एक आई दुसरीला म्हणाली, "आबा वांगडा असतत तर आमचा चेडू पण जावंदे." आणि आबांच्या सोबतीने एकेक करून मुली तरीवर येऊ लागल्या. कागदावर ज्यांच्या सह्या होत्या त्यातल्या बहुतेक आल्या. वारा फार असला की आबा काठावरूनच सगळ्यांना मागे फिरवत, आणि मग तेही खुशीत घरी जात. नाहीतर सकाळी छत्रीखालून एक म्हातारा आणि त्याच्यामागे वेण्यांची रांग, हे आम्हाला रोजचं झालं.

कुंदा दहावी होईपर्यंत ते रोज तरीने गेले. ती पास होऊन पुढे शिकायला मालवणात गेली तेव्हा मला वाटलं, आता थांबतील. ते म्हणाले, "आणि बाकीची?" आणि जात राहिले. पाण्याचं भय गेलं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खंय जाता? वांगडाच येता."

शाळेच्या व्हरांड्यात बसून ते मुंबईला स्मरणपत्रं लिहीत. ती मात्र लहान लहान होत गेली. आधी एक पान, मग अर्धं, मग आंतर्देशीय. शेवटी शेवटी नुसतं कार्ड टाकत. एकदा शिक्का मारताना मी वाचलं. पत्ता, तारीख, आणि मधे एकच ओळ: साकवाचे काय झाले? मी म्हटलं, "आबा, इतकं थोडकं?" ते म्हणाले, "आता तेंका गाव ठावक झालो."

माझी बदली झाली, मालवणला. निघताना ते दाराशी आले, खिडकीशी नाही. बरंच काही बोलायचं होतं असं दिसत होतं, पण म्हणाले फक्त, "बरी रव." मला त्यांच्या पाया पडायचं सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

ते गेल्याचं कुंदाने सांगितलं. माझ्या खिडकीवर आली, मागे माणसांची रांग होती, आणि शाळेत उत्तर सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आबा गेले." फाट्यात साकवाचे खांब उभे राहिले होते. ते रोज काठावर जाऊन बघत असत, असं ती म्हणाली. वरच्या लोखंडी पट्ट्या टाकायच्या राहिल्या होत्या. मी खिडकी बंद केली आणि दाराशी गेले. आम्ही दोघी तिथे उभ्या राहून रडलो.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी मी एका लग्नाला त्या गावी गेले. लग्न फाट्यापलीकडे होतं, म्हणून मी साकवावरून चालत गेले. लोखंडी, अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. खाली पाणी चांगलं चढलेलं होतं. समोरून शाळेतून सुटलेल्या पाच-सहा मुली येत होत्या, मोठमोठ्याने बोलत, एकीची छत्री दोघींत. मी अंग चोरून उभी राहिले. आजूबाजूला मोठं माणूस कोणी नव्हतं.

शेवटची मुलगी माझ्याजवळून जाताना मी विचारलं, "तुमच्या वांगडा कोण येवक नाय?"

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कोणी सोबत कशाला यायचं, ते तिला खरंच कळलं नव्हतं.

"कित्याक?" तिने विचारलं, आणि बाकीच्यांना गाठायला पळत गेली.